सलग ३० मिनिटं धावता आलं, आता अंतर कसं वाढवायचं?

‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) हा नवशिक्यांसाठीचा धावण्याचा कार्यक्रम जॉश क्लार्क यांनी १९९६ साली तयार केला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं आलटून पालटून. नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं धावायचं. आज नवशिक्यांसाठी जी ॲप आणि जे वर्ग दिसतात, त्यातले बरेचसे याच वळणाचे आहेत. आज किती धावायचं, उद्या विश्रांती घ्यायची की नाही, हे सगळं कुणीतरी ठरवून दिलेलं असतं, आपण फक्त बूट घालून निघायचं. शेवटच्या दिवशी मात्र तो हात सुटतो. उत्साह शिगेला पोचलेला असतो, पूर्वीसारखा दम लागत नाही, आणि मग पुढच्याच सुट्टीच्या दिवशी ‘बघू तरी किती जमतंय’ म्हणून माणूस एकदम ८ किलोमीटर धावून येतो. त्या दिवशी काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी नडगी ठणकायला लागते, आणि एवढ्या कष्टाने लागलेली सवय सुटते ती सुटतेच.

असं होताना पाहिलं की मनापासून वाईट वाटतं, कारण हे बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यायची: तुमचा दम जेवढं अंतर मंजूर करतो, तेवढं तुमची हाडं करत नाहीत. म्हणून आता किती वाढवायचं, हे दमाला विचारून ठरवायचं नाही.

हे असं का, ते नीट बघू. धावायला सुरुवात केल्यावर सगळ्यात आधी रक्तात फरक पडतो. काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं आणि त्याच वेगाला नाडी पूर्वीपेक्षा कमी पडते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पहिल्या आठवड्यात मिनिटभराच्या धावण्याने धाप लागणारा माणूस नवव्या आठवड्यात अर्धा तास धावतो, तो या बदलांमुळे.

स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन मात्र सावकाश बदलतात. त्यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांच्यातल्या तंतूंची झीज-भर फार हळू चालते. हाडांची तर पद्धतच वेगळी. नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की हाड त्या जागेचा जुना भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. काढायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन महिन्यांच्या आसपास लागतात, आणि नवं हाड पुरतं टणक व्हायला त्याहूनही जास्त. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा किंचित कच्ची असते. रस्ता खोदून दुरुस्ती चालू आहे आणि वाहतूकही बंद केलेली नाही, असा हा प्रकार. वाहतूक बेताची असेल तर दुरुस्ती पुरी होते आणि रस्ता पहिल्यापेक्षा मजबूत होतो. नेमक्या त्याच दिवसांत अवजड गाड्या सोडल्या, तर खड्डा पडतो.

आता नऊ आठवड्यांचा हिशोब मांडा. दम तयार झालेला आहे, पण हाडांमध्ये सुरुवातीला निघालेलं काम अजून भरत आलेलं नाही. भार किती असतो तेही बघा. मिनिटाला १६० पावलं धरली तर पाच किलोमीटरच्या ३५ मिनिटांत ५,६०० पावलं होतात, आणि धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट जोर उलट येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या एका पायावर, एका पावलाला, १२० ते १८० किलोइतका. पाच किलोमीटरचे आठ झाले की अशी सव्वातीन हजारांच्या वर पावलं वाढतात. छातीला त्याचं काही वाटत नाही, पण नडगीच्या हाडाला त्यातलं प्रत्येक पाऊल सोसावं लागतं.

म्हणून कार्यक्रम संपल्यावर पहिलं काम अंतर वाढवणं हे नाहीच. तीन-चार आठवडे तिथेच थांबा. आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटं, त्याच आरामाच्या वेगाने. लोकांना हा सल्ला आवडत नाही, ‘मग प्रगती कुठे?’ असं विचारतात. प्रगती चालूच असते, फक्त घड्याळात दिसत नाही. आणि त्या ३० मिनिटांत तुमचे पाच किलोमीटर पूर्ण होत नसतील, चारच होत असतील, तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. अनेकांचं तसंच असतं. ती अर्धा तासाची धाव अंगवळणी पडली, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय कुरकुरेनासे झाले, की मग पुढचा विचार करा.

आता वाढवायचं किती? धावणाऱ्यांमध्ये एक नियम वर्षानुवर्षं सांगितला जातो: आठवड्याचं एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. लक्षात ठेवायला सोपा आणि हेतूने चांगला नियम. पण तो खरंच दुखापती टाळतो का? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवशिक्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला १० टक्क्यांचा नियम पाळून १३ आठवड्यांवर पसरलेला. दोन्ही गटांत साधारण दर पाच जणांमागे एकाला दुखापत झाली. टक्केवारी जवळजवळ तीच, २०.३ आणि २०.८.

याचा अर्थ हळूहळू वाढवण्यात काही हशील नाही असा काढू नये. आठवड्याची बेरीज हे माप अपुरं आहे, एवढंच यातून कळतं. दोन माणसं घ्या. दोघंही आठवड्याला १५ किलोमीटर धावतात. एक जण पाच-पाचच्या तीन धावा करतो. दुसरा दोन दिवस तीन-तीन किलोमीटर धावतो आणि तिसऱ्या दिवशी नऊ. बेरीज एकच, पण दुसऱ्याच्या पायांवर त्या एका दिवशी जे येतं, ते पहिल्याच्या पायांवर कधीच येत नाही.

नेमकं हेच २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुढे आलं. पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष तपासल्या गेल्या. आजची धाव गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेच्या किती पुढे गेली, हे पाहिलं गेलं. ती १० टक्क्यांपेक्षा जास्त पुढे गेली की दुखापतीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. १० ते ३० टक्क्यांच्या उडीला सुमारे ६४ टक्क्यांनी जास्त, आणि अंतर दुपटीच्या वर गेलं तर दुपटीहून अधिक. आठवड्याच्या बेरजेतल्या चढउताराचा मात्र दुखापतीशी तसा संबंध दिसला नाही. यातले बहुतेक धावपटू मध्यमवयीन, अनुभवी पुरुष होते, आणि नोंदी पाहून काढलेला संबंध म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. तरीही हाडं-टेंडनांबद्दल जे वर पाहिलं त्याच्याशी हे इतकं जुळतं, की मी तरी आता आठवड्याच्या बेरजेआधी याच मापाकडे बघायला सांगतो.

तर मोजायचं ते हे: गेल्या महिन्याभरात एका दमात जास्तीत जास्त किती अंतर कापलं? त्यावर फार तर दहा टक्के. पाचवरून साडेपाच. पाचवरून सहा ही दिसायला अगदी किरकोळ वाढ, पण ती २० टक्क्यांची आहे.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. तुमची लांब धाव ५ किलोमीटर आहे आणि दहापर्यंत जायचंय, असं धरा. पहिल्या आठवड्यात लांब धाव साडेपाच करा, मग सहा, मग साडेसहा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम मागे या, पाचवर. त्यानंतर सात, साडेसात, आठ, आणि आठव्या आठवड्यात पुन्हा उतरून सहा. मग ८.८, साडेनऊ आणि अकराव्या आठवड्यात दहा. हे सगळं फक्त आठवड्यातल्या एका धावेबद्दल आहे. बाकीच्या दोन धावा अर्ध्या तासाच्याच राहू द्या, फार तर शेवटी शेवटी चाळीस मिनिटांपर्यंत न्या. अकरा आठवडे म्हणजे फार झाले असं वाटेल, पण दहा किलोमीटर आज असतील तसेच तीन महिन्यांनीही असतील, ते कुठे पळून जात नाहीत. पायांना तेवढी सवड मिळाली पाहिजे.

मधले ते हलके आठवडे गाळू नका. कामाला लागलेल्या माणसाला ते वाया गेल्यासारखे वाटतात, पण दुरुस्ती त्याच आठवड्यांत होते. आणि आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे महिनाभर खंड पडला, तर माप पुन्हा पहिल्यापासून लावायचं. दोन महिन्यांपूर्वी नऊ किलोमीटर धावलो होतो याचा आज उपयोग नाही. गेल्या ३० दिवसांत काहीच धावलं नसेल तर १५-२० मिनिटांच्या चाल-धावीने सुरुवात करा. दम तुम्हाला यापेक्षा जास्त करायला सांगेल. ऐकू नका.

लांब धावेऐवजी आठवड्यात चौथा दिवस वाढवायचा का, असंही बरेच जण विचारतात. माझं मत आहे की ते अनेकदा जास्त शहाणपणाचं. प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की हाड काही डझन धक्क्यांनंतरच नव्या धक्क्यांना प्रतिसाद देणं कमी करतं, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर ती संवेदना परत येते. म्हणजे हाड बळकट व्हायला एकाच दिवशी तासभर आपटण्यापेक्षा थोडं थोडं, अनेकदा, हे बरं. चौथा दिवस घेतलात तर तो २० मिनिटांपासून सुरू करा. फक्त त्याच महिन्यात लांब धावही वाढवू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता वेगाबद्दल. अंतर वाढवायचं ठरवलं की वेग विसरायचा, यात मी कुणालाच सूट देत नाही. आरामाचा वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. धावता धावता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. हे करताना लाज वाटेल इतकं हळू धावावं लागतं, शेजारून कुणीतरी भरभर चालतसुद्धा पुढे जाईल. जाऊ द्या.

हळू धावण्याला दुय्यम समजू नका. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडिअर्ड यांनी आपल्या धावपटूंची सगळी बांधणी लांब, दमादमाने धावण्यावर केली. त्यांचा पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. ती शर्यत पावणेदोन मिनिटांत संपते. तरी स्नेल इतरांबरोबर रविवारी डोंगराळ रस्त्यावरून ३५ किलोमीटर धावायचा. १९६० साली रोमला त्याने ८०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि १९६४ साली टोकिओला ८०० आणि १५०० मीटर अशी दोन. त्यांची ३५ किलोमीटरची नक्कल कुणी करू नये. पण पाया रुंद करायचा असेल तर वेग कमी ठेवायचा, हे त्यांच्या पद्धतीतून प्रत्येकाने उचलण्यासारखं आहे.

तरीही दम लागलाच तर चाला. नऊ आठवडे ‘आता चालायचं नाही’ हे ध्येय ठेवल्यामुळे नव्या धावपटूला चालणं म्हणजे हार वाटायला लागते, आणि हे खूळ डोक्यातून जायलाच हवं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरसाठी अमेरिकेकडून उतरलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे ‘रन-वॉक’ पद्धत लोकप्रिय केली, आणि त्या पद्धतीने असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. लांब धावेच्या दिवशी दर नऊ मिनिटांनी एक मिनिट चालून पाहा. दम संपण्याआधी चालायचं, संपल्यावर नाही. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये पाय ओढत, खांदे वर चढवून, पावलं आपटत धावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

दुखण्याकडे येऊ, कारण इथे फरक ओळखता आला पाहिजे. धावल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या किंवा पोटऱ्या दोन्ही पायांत सारख्याच जड वाटत असतील, दोन दिवसांत ते ओसरत असेल, तर तो स्नायूंचा नेहमीचा अंगदुखीपणा. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटांच्या लांबीत पसरलेली दुखरेपणाची पट्टी असेल, तर त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. ते बहुधा भार लवकर वाढवल्याचं लक्षण. अंतर निम्म्यावर आणा, लागलं तर आठवडाभर धावणं बंद ठेवून चाला. घोट्यामागचा अकिलीस टेंडन सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना ताठ वाटतो आणि मग मोकळा होतो. तो आठवड्यागणिक कमी होतोय की वाढतोय, यावर लक्ष ठेवा.

सगळ्यात जपायचं ते बोटाने दाखवता येणाऱ्या दुखण्याला. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाबलं की कळ येते, धावताना ती वाढत जाते, पुढे पुढे चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकते, असं असेल तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. मांडीच्या सांध्यात, जांघेत खोल दुखत असेल तर आणखीच जपा. इथे ‘अंगावर काढू’ नका. धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला हे बरेचदा दिसतच नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा विचारा. लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा काही आठवड्यांत निभावतं, दामटत राहिलं तर महिने जातात.

चालताना लंगडावं लागत असेल तर धावायचं नाही, हे मात्र कुठल्याही दुखण्याला लागू. आणि छातीत दुखणं, भोवळ, किंवा मेहनतीच्या मानाने फारच जास्त धाप, यातलं काही झालं तर वाट न बघता वैद्यकीय मदत घ्या.

खाण्याबद्दल एकच, पण कळकळीने सांगतो. अंतर वाढवताना त्याच वेळी खाणं कमी करू नका. अनेक जण वजन उतरवण्यासाठी धावायला लागतात, म्हणून हे घडतं. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की ते दुरुस्तीच्या कामात काटकसर करतं आणि हाडं तिथेच मागे पडतात. बायकांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा बंद होणं ही याची मोठी खूण आहे. ‘धावायला लागल्यावर तसं होतंच’ असं कुणी म्हणालं तर मानू नका, तपासून घ्या. पुरुषांमध्ये अशी ठळक खूण नसते, पण सततचा थकवा आणि वारंवार होणाऱ्या दुखापती दिसल्या तर खाण्याचा आणि झोपेचा हिशोब आधी बघावा.

बुटांवर लोक फार वेळ घालवतात. पायात घातल्याबरोबर आरामदायक वाटतील ते घ्या, अंगठ्यापुढे थोडी जागा असू द्या, आणि नवे बूट आणल्या दिवशी लांब धावेला घालू नका. एवढं पुरतं. धावण्यापूर्वी पाच मिनिटं झपाझप चाला. आठवड्यातून दोनदा पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा, बैठका मारा. पोटरी आणि मांडी बळकट असली की पावलागणिक येणारा भार पेलायला मदत होते.

दहा किलोमीटर झाल्यावर बरेच जण लगेच अर्धमॅरेथॉनचा, म्हणजे २१.१ किलोमीटरचा, विचार करतात. नियम तोच राहतो, महिन्यातली सर्वांत लांब धाव आणि तिच्यावर दहा टक्के. पण तिथे आणखी एक गोष्ट येते. साधारण ९० मिनिटांपर्यंतच्या आरामाच्या धावेला शरीरातला साठा पुरतो, वाटेत काही खायची गरज नसते. त्याहून लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागू शकतं, आणि ते पचवायची सवयही सरावातच लावावी लागते. पाण्याचं मात्र उलट. जितकं जास्त तितकं चांगलं, ही समजूत धोक्याची आहे. तासन् तास हळू धावणाऱ्याने गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. तहान लागेल तसं, तहान भागेल एवढंच प्या.